अक्रोडाला ऊन दाखवलं

२६ एप्रिल. टेबलाला जवसाच्या तेलाचा पहिला हात द्यायचा, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. दुपारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं आणि त्याआधी रंग उघडलेला दिसायला हवा होता. तेलाचा डबा मी कडा गावाहून आणला होता. तिथं लेकीच्या सासरी तिचं दुसरं बाळंतपण होतं. तिची सासू अंथरुणावर, म्हणून मला जावं लागलं आणि बावीस दिवस राहावं लागलं. पहाटेची गाडी धरली, बीडला बदलली, आणि अकराच्या सुमाराला सिरसाळ्याच्या रस्त्यावर आमच्या सुतारकामाच्या शेडसमोर उतरले.

टेबलाचा वरचा फळा अंगणात होता. भर उन्हात, दोन लाकडी घोड्यांवर आडवा. वावटळीनं हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवलेल्या. मी पिशवी खाली ठेवली आणि एक वीट उचलली. विटेखाली गडद तपकिरी चौकोन होता. बाकी सगळा फळा वाळलेल्या कडब्याच्या रंगाचा.

दुसरी वीट उचलली, तिसरी उचलली. चौथी उचलायची गरज नव्हती, तरी उचलली.

हे लाकूड अक्रोडाचं. आमच्याकडं अक्रोड म्हणजे दिवाळीला कुणीतरी दिलेल्या सुक्या मेव्याच्या डब्यातला, तेवढाच. त्याचं लाकूड कुणी पाहिलेलं नाही. अवजारांना बाभूळ, चौकटींना लिंब, हलक्या कामाला आंबा आणि बंगल्यांना साग, यावर आमची शेड चालत आलेली. अक्रोड आणला तो गावातल्या मोठ्या बागायतदारानं. त्याला सगळे मालक म्हणतात. घरात तीन पिढ्यांचं राजकारण. बायको सरपंच आहे, म्हणजे सही तिची आणि बोलणं त्याचं. तो काश्मीरला फिरायला गेला, तिथं कोरीव टेबलं बघून आला आणि नव्या बंगल्यात तसंच लाकूड पाहिजे म्हणून अडून बसला. हैदराबादच्या एका वखारीतून फळ्या मागवल्या. झाड कुठल्या मुलखातलं, हे वखारवाल्यालाही नीट सांगता आलं नव्हतं.

शेड आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आबांची ऐंशी उलटली आहे. पाटीवर त्यांचं आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव आहे. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर मी लेकीला घेऊन माहेरी आले, त्याला बावीस वर्षं झाली. आले तेव्हा पॉलिश पेपर घासायला बसवलं. मग रंधा हातात आला, मग करवत, मग सांधे. शिकवलं कुणी नाही. भावाला शिकवताना फळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागायचं, ते मी धरत होते. आज शेडमध्ये बारीक काम मी करते आणि गिऱ्हाइकाबरोबर चहा भाऊ पितो. गिऱ्हाइकाला वाटतं, काम त्यानंच केलंय. तोही नाही म्हणत नाही.

अक्रोडाच्या फळ्या आल्या तेव्हा मात्र भावानं हात आखडला. लाकूड महागाचं आणि अनोळखी. चुकलं तर मालकाशी गाठ. मी म्हणाले, टेबल मी करते, पण एका अटीवर. टेबल पसंत पडलं तर बंगल्याचं सगळं लाकूडकाम माझ्या हाताखाली होईल. माप मी घेणार, मालकाशी मी बोलणार, भाऊ मी सांगेन ते करणार, आणि पाटीवर माझं नाव चढणार. वर्षभराचं काम होतं ते. आबा भावासमोर हो म्हणाले. भाऊ हसला. त्याला वाटलं असेल, बघू, कुठं जमतंय.

जमलं. मी आधी महिनाभर नुसत्या तुकड्यांवर काम केलं. अक्रोडासारखं गुणी लाकूड मी हातात धरलेलं नव्हतं. बाभळीला रंधा मारला की पात्याची धार दोन तासांत जाते. साग पण पात्याला खातो, त्याच्या अंगात रेतीसारखं काहीतरी असतं. अक्रोड तसा नाही. ढलपी सरळ, लांब, कागदासारखी निघते. पटाशी जिथं थांबवावी तिथं थांबते, म्हणून त्यावर कोरीव काम उठतं. वजन सागाएवढंच, पण ठोका मारला तर चिरत नाही. गाभा गडद तपकिरी, त्यात जांभळी झाक. सालीकडचं लाकूड पांढुरकं, ते काढून टाकावं लागतं, नाहीतर जोडलेला फळा पट्ट्यापट्ट्याचा दिसतो.

खोड्याही कळल्या. एक तुकडा गम लावून लोखंडी शिकंज्यात आवळला होता. सकाळी बघते तर शिकंज्याच्या जागी शाईसारखा निळा-काळा डाग. ओल्या अक्रोडाला लोखंड लागलं की असंच होतं. तेव्हापासून शिकंज्याखाली जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घालत गेले. दुसरी खोड उन्हाची. एका तुकड्याच्या अर्ध्या भागाला कागद गुंडाळून तो पत्र्यावर टाकला आणि विसरले. पंधरा दिवसांनी कागद सोडला तर झाकलेला भाग होता तसा तपकिरी आणि उघडा भाग फिकट. मी तो तुकडा भावाला दाखवला. कड्याला निघताना परत दाखवला आणि सांगितलं, फळा शेडच्या आतल्या भिंतीला टेकवलाय, वर चादर टाकलीय, याला ऊन दाखवायचं नाही. तो हो म्हणाला. मोबाईलमध्ये बघत हो म्हणाला, पण म्हणाला.

ऊन दाखवणं ही आमच्या घरातली रीत आहे. ताजा रंधलेला साग कुठं हिरवट, कुठं काळपट दिसतो. आठ-दहा दिवस उन्हात ठेवला की चट्टे जातात आणि सगळा एकसारखा सोनेरी होतो. आबांचं नाव त्यावरच झालं. परळीपासून लोक आबांच्या सागाचा रंग बघून दारं करायला यायचे. लोक नवी गाडी आधी नारायणगडाला दर्शनाला नेऊन आणतात, तसं आमच्याकडचं प्रत्येक काम शेडबाहेर जायच्या आधी उन्हातून जायचं. न दाखवता काम दिलं तर आबांना ते अर्धवट वाटायचं.

अक्रोड आपल्याला माहीत आहे, असंही आबांना वाटत होतं. तरुणपणी त्यांनी याच मालकाच्या आज्याच्या बंदुकीचा चिरलेला दस्ता सांधून दिला होता. बंदुकीला अक्रोडच का लावतात, हे आबा नीट सांगतात. खांद्यावर जड होत नाही, बार उडाल्यावरचा धक्का लाकूड पिऊन टाकतं, पावसाळ्यात फुगत नाही, उन्हाळ्यात पिळत नाही, त्यामुळं नळी जागची हलत नाही. ते सगळं खरं आहे. पण तो दस्ता वर्षानुवर्षं तेल पिऊन अंधाऱ्या माजघराच्या भिंतीवर टांगलेला होता. त्याला ऊन लागलंच नव्हतं. ही गोष्ट आबांच्या ध्यानात आली नाही आणि मी सांगितलेली त्यांनी ऐकून घेतली नाही.

मी अंगणातून हाक मारली तेव्हा आबा ओट्यावर बाजेवर बसले होते. खाली आले, फळ्यावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी स्वतः फळा बाहेर काढायला लावला होता, मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. रोज दुपारी उठून बघत होते. त्यांच्या मते रंग आता कुठं उघडायला लागला होता.

"मातीवानी काळं लाकूड व्हतं," आबा म्हणाले. "आता कसं एकसारखं झालंय बघ."

मी विटांच्या जागा दाखवल्या. ते म्हणाले, तेल दिलं की बुजतील. मी म्हणाले, तेलानं सगळंच गडद होतं, चौकोन तसेच उठून दिसणार. भाऊ आला. मी त्याला विचारलं, तुला सांगून गेले होते ना. तो म्हणाला, आबांपुढं मी काय बोलू, त्यांनी पन्नास वर्षं लाकूड वाळवलंय. मी म्हणाले, मग मला फोन करायचास. तो म्हणाला, "तू तिकडं बाळंतपणात. कावून त्रास द्यायचा?"

माझ्याजवळ भांडायला वेळ नव्हता. फिकटपणा वरवरचा असतो, कागदाएवढा जाड. खाली लाकूड होतं तसंच असतं. रंध्याचे दोन हात फिरवले की तपकिरी रंग परत वर येतो. मालक चारला येणार होते. मी पदर खोचला, रंध्याचं पातं दगडावर लावायला बसले. आबा म्हणाले, मी आणलेला रंग खरवडू नको. त्यांनी रंध्यावर हात ठेवला. मी तो हात बाजूला करू शकले असते. ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात, त्यात जोर कितीसा. पण बाजूला केला नाही. समजावत बसले. त्यात अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात गाडीचा आवाज आला. मालकांना परळीला लग्नाला जायचं होतं, म्हणून ते चारऐवजी साडेबारालाच आले. बरोबर सरपंचबाई होत्या.

मालकांनी फळ्याकडं बघितलं, मग भावाकडं.

"हे काय बे? हैदराबादवरून अक्रोड आणला का चिंच?"

भाऊ खाली बघत राहिला. सरपंचबाईंनी एका चौकोनावर बोट ठेवलं. त्या एरवी चारचौघांत बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"आंब्याच्या खोक्यावानी दिसतंय वं. वरून इटांची रांगोळी."

मालक हसले. गाडीचा चालकही हसला. मालकांनी विचारलं, हे केलं कुणी. मी पुढं होऊन सांगणारच होते की काम माझं आहे, रंग उन्हानं गेलाय आणि संध्याकाळपर्यंत परत येईल. आबा माझ्या आधी बोलले. हळू, स्पष्ट आणि कुणाकडंही न बघता.

"पोरीच्या हातचं हाय ते. आमी त्यात न्हवतो."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. खोटं तर नाही म्हणता येत. टेबल माझ्याच हातचं होतं. बावीस वर्षांत आबांनी लोकांसमोर माझ्या हाताचं नाव घेतलं ते त्या एकाच दिवशी.

मी म्हणाले, "ऊन मी न्हाई दाखवलं. मी इथं नव्हते."

मालक म्हणाले, मग काय म्हाताऱ्यानं दाखवलं? त्यांच्या आज्याच्या बंदुकीपासून या माणसाला लाकूड कळतंय. मी भावाकडं बघितलं. तो विटा गोळा करत होता. चारही विटा त्यानं एकावर एक रचल्या, मग काढून परत रचल्या. आबा ओट्याकडं वळले होते.

मालक आबांशी आणि भावाशी बाजूला जाऊन बोलले. फार लांब नाही, मला ऐकू येत होतं. बंगल्याचं काम शेडलाच देऊ, जुनं घर आहे, पण बाईला लांब ठेवा. टेबल दुरुस्त होत असेल तर करा, नाहीतर स्वयंपाकघरात ढकलू. भाऊ म्हणाला, "बरं मालक." आबांनी मान हलवली. गाडी निघून गेली. मी तेलाचा डबा उचलून आत नेला. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, पिशवीला तेल लागलं होतं. आधी ती पिशवी धुतली.

दुपारी कुणी जेवायला बोलावलं नाही, मीही कुणाला वाढलं नाही. भावजयीनं आपलं आपलं वाढून घेतलं आणि एक ताट माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. ती बरी आहे, पण तिचंही घर याच शेडवर चालतं.

दिवस कलल्यावर आबा आले. काठी भिंतीला टेकवून माझ्या खोलीच्या पायरीवर बसले. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, लेकीचं बाळ कसं आहे. मी म्हणाले, ठीक आहे. मुलगी आहे. ते म्हणाले, बरं झालं. मग थोड्या वेळानं मुद्द्यावर आले.

"त्या फळ्याचं काय करायचं गं? जाईल का ते?"

"जाईल. रंध्याचे दोन हात मारा."

"मग मार की सकाळी."

"मला लांब ठेवायचंय ना?"

आबा म्हणाले, मालकाला काय कळतंय, तू आत कर, भाऊ बाहेर बोलेल, एवढी वर्षं चाललंय तसं. ते समजुतीनंच बोलत होते. त्यांना खरोखर वाटत होतं की हा तोडगा सगळ्यांच्या सोयीचा आहे. मी विचारलं, पाटीचं काय? ते म्हणाले, आता या टायमाला पाटीचा विषय कशाला काढतेस. मी विचारलं, दुपारी तसं का बोललात? आबांनी काठी हातात घेतली.

"माझी चूक म्हणलो असतो तर शेडवर कोण आलं असतं? तुझं काय, तुला कोण वळखतंय."

एवढं बोलून ते गेले. एका अर्थानं त्यांनी सरळ उत्तर दिलं, त्याबद्दल मला तक्रार नाही. मला ओळखत कुणी नव्हतं, म्हणून चूक माझ्यावर टाकायला सोपी होती. आणि मला ओळखत कुणी नव्हतं ते कुणामुळं, हे विचारायला मी त्यांच्या मागं गेले नाही.

एक गोष्ट मी आबांना सांगितली नाही. त्या फळ्यात पाच फळ्या जोडलेल्या आहेत. मधली फळी झाडाच्या दुबेळक्यातली आहे, म्हणजे जिथं खोडाला फांदी फुटते तिथली. अक्रोडात ती जागा सगळ्यात देखणी असते, रेषा ज्वाळेसारख्या वर चढतात. पण तिथंच लाकडाची नस उलटी फिरते. बाकीच्या फळ्यांना ज्या बाजूनं रंधा लावता, त्याच बाजूनं तिथं लावला तर पातं लाकूड कापत नाही, उपटतं. बोटभर टवके निघतात आणि ते नंतर भरता येत नाहीत. तेवढा वीतभर भाग मी हातरंध्यानं, पातं अगदी बारीक काढून, उलट्या बाजूनं घेतला होता. दोन दिवस लागले होते. भाऊ हातरंधा वापरत नाही, त्याच्याकडं विजेचं मशीन आहे. त्याला ती जागा माहीत नव्हती. त्यानं कधी विचारलं नव्हतं. आबांनी विचारलं ते फक्त, जाईल का.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला उठले. भाकरी टाकल्या, माझ्यापुरत्या. मग शेडमध्ये गेले आणि माझी हत्यारं वेगळी केली. हातरंधे दोन, पटाश्या पाच, छोटी करवत, गुण्या, धारेचा दगड. माझा ठोकळा, ज्यावर मी काम करते ते जाड लिंबाचं लाकूड, लोळवत लोळवत अंगण पार करून माझ्या खोलीच्या दारासमोर आणला. त्यात पाऊण तास गेला. आबा ओट्यावरून बघत होते. पत्र्याची सावली तिथं नऊपर्यंत असते, पुढं एक कापड बांधावं लागणार होतं, ते बांधलं.

आठच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवरचे एक काका तिफणीचं चाडं घेऊन आले. पेरताना ज्यात बी सोडतात तो लाकडी वाडगा, काठाला तडकला होता. ते सवयीनं शेडकडं निघाले होते. मी हाक मारली आणि म्हणाले, इकडं आणा, मीच करते. ते म्हणाले, तू करतीस व्हय? मी म्हणाले, गेली तीन वर्षं तुमची तिफण मीच करतेय. ते चाडं माझ्यासमोर ठेवून समोरच्या दगडावर टेकले.

तेवढ्यात शेडमध्ये भावाचं मशीन सुरू झालं. कडेच्या फळीवर आवाज एकसारखा होता. मग दुसऱ्या फळीवर. मशीन मधल्या फळीकडं सरकत होतं, आणि सगळीकडं एकाच बाजूनं. मी उठून गेले असते तर वीस पावलं होती.

काका म्हणाले, लई आवाज करतंय, काय चाललंय आत. मी म्हणाले, टेबल. आणि चाड्याची तडक कुठपर्यंत गेलीय ते बघायला ते पालथं घातलं.